सोमवारचा उपास

रविवारी साडेसहालाच रांग लागते दुकानासमोर.
"मांडीचं द्या." "चरबी ठेवा जरा." "कालचं न्हवं न्हवं?"
घराघरात खोबरं भाजायला घेतलेलं असतं,
तांबड्याला उशीर चालत नाही कोल्हापुरात.
मी तोलते, पैसे मोजते,
आणि ठोकळ्याखालच्या घमेल्यात टाकत जाते
जे कुणीच मागत नाही ते:
फोपसं, नरड्याची नळी, मानेचे मणके,
न धुतलेली वजडी, हिरवट, पाल्याच्या वासाची.
धुवायची नाही, असं येसाप्पाचं बजावणं आहे.
"आतला पाला ऱ्हाऊ द्या वैनी.
कुत्र्याची भाजी हाय ती."

येसाप्पा अकराला येतो.
मोटरसायकलला दुधाची किटली,
जिच्यात दूध कधीच नसतं.
पहिल्यांदा मी पैसे नको म्हटले
तर नोटा ठोकळ्यावर ठेवून, वर वजन ठेवून गेला:
"फुकटचं खाऊन राखण करत न्हाईत ती."

ती म्हणजे हरणी, बुक्का
आणि एका कानाचा पाटील.
(खरे पाटील शेतावर आले की
त्याला नुसतं 'ए' म्हणतात.)

माझा भाचा जनावरांच्या दवाखान्यात कंपाउंडर.
तो म्हणाला, कच्च्यानं जंत होतात, हाड अडकतं,
त्यापेक्षा हे तयार खाणं, वीस किलोची पिशवी.
येसाप्पानं पिशवीवरचा कुत्रा बघितला बराच वेळ,
धुतलेला, विंचरलेला, जीभ बाहेर.
"ह्यो काय काम करतो?"
मग भाच्याला वाईट वाटू नये म्हणून म्हणाला,
"शिजल्यालं हाड काचंवानी फुटतं, डाक्टर. कच्चं मऊ असतंय."
भाचा डॉक्टर नाही. तो काही बोलला नाही.
पाण्याचे फोड आलेलं काळीज मात्र
तेव्हापासून मी घमेल्यात टाकत नाही.
खड्डा, वर चुना.
एवढं भाच्याचं ऐकलं आम्ही दोघांनी.

एकदा विचारलंच मी,
सुरीला धार लावता लावता, जणू सुरीलाच:
बकऱ्याचंच खायला घालतोस
आणि बकरीच राखायला बसवतोस.
तोंडाला चव लागली तर?

"या की तळावर," म्हणाला. "सोमवारी.
तुमचं दुकान बंद, त्यांचा उपास."

शिवाजी पुलापलीकडं, वडणग्याच्या शिवारात
ऊस तुटलेल्या रानात बकरी बसवली होती.
वाघर ताणलेली, पाचटाचा वास,
लांब कुठंतरी गुऱ्हाळाची चिमणी.
येसाप्पाच्या बायकोनं, मायव्वानं, चहा दिला
आणि माझ्या पायातल्या चपलांकडं बघून हसली.
मध्यरात्रीनंतर एक मेंढी अडली.
मायव्वानं कोपरापर्यंत हात घातला,
कोकरू बाहेर आलं,
मागोमाग जार, वाफाळता.

तोच वास. माझ्या घमेल्याचा.
रविवारी अकराचा.

पाटील दोन हातांवर बसलेला,
काल दुपारपासून पोटात काही नाही.
लाळेची तार जमिनीपर्यंत आलेली मी बॅटरीत बघितली.
हलला नाही.
मेंढी चाटत राहिली, कोकरू उठलं, पडलं, उठलं,
आणि आंधळ्यासारखं चालत जाऊन
पाटलाच्याच छातीला सड शोधत ढुशी दिली.
त्यानं मान वळवली, पार उसाच्या खोडव्याकडं,
भर लग्नात कुणी उसने पैसे मागावेत तशी.

मायव्वानं काठीनं जार उचलून लांब भिरकावला.
"जा. मोडला तुजा सोमवार."
मग गेला. तीन घासांत संपवलं त्यानं.

मी उठले, जवळून कोकरू बघावं म्हणून.
पाटील परत आला होता.
त्यानं माझे हात हुंगले,
आधी डावा, मग सुरीचा,
बोटांच्या बेचक्यांतून, नखांच्या खालून,
घाई न करता, तीस वर्षं एकेक करून.
गुरगुरला नाही.
फक्त येऊन बसला
माझ्या आणि वाघरीच्या मधे.