अठ्ठावीस घरं

साम्चनपोच्या धक्क्यावरच्या मच्छीमार पतपेढीत
कॉम्प्युटर आला, त्याच वर्षी
प्यो गी-दोक मुलीला घेऊन गेला खातं काढायला.
बोटांना चेपून वाळवलेल्या मासळीचा वास,
अंगात धुतलेला सदरा.

नाव?
सोल-मी. 솔믜.

खिडकीमागच्या मा यन-सुकनं कळा दाबल्या.
सोल उमटलं, देवदारासारखं ताठ.
मग म आला, त्याच्याखाली आडवी रेघ आली,
आणि उभी रेघ दाबली तेव्हा
ती आत शिरेना. शेजारच्या खणात जाऊन
एकटी उभी राहिली: 므ㅣ
यन-सुकनं पुसलं. पुन्हा दाबलं. पुन्हा तेच.
मागे रांग. कुणाच्या तरी बादलीतून पाणी ठिबकतंय.
"हे अक्षर यादीत नाही, काका."

यादी सोलमध्ये झाली होती.
एकोणीस व्यंजनं, एकवीस स्वर,
खाली टेकू द्यायला सत्तावीस, किंवा टेकूच नाही,
अशी बाराखडी मांडली तर भरते
अकरा हजार एकशे बहात्तर अक्षरांची.
एवढ्यांना जागा कुठून आणायची?
म्हणून ज्यांची वर्दळ जास्त, अशी निवडली
दोन हजार तीनशे पन्नास.
तयार, बांधीव, उकलता न येणारी.
बाकीची अक्षरं तोंडात राहिली,
शाईत राहिली,
गी-दोकच्या मुलीच्या जन्मदाखल्यात राहिली.

"미 लिहू? ऐकायला सारखंच."

सारखंच होतं. दोन्ही मी.
(माझ्या भाषेत मी म्हणजे कोण, हे त्या दोघांना
माहीत असायचं कारण नव्हतं.)
फरक त्या आडव्या रेघेचा.
जुनी माणसं सांगत, म्हणजे तोंड,
उभी रेघ म्हणजे उभा माणूस,
आडवी म्हणजे त्याच्या पायाखालची जमीन.

गी-दोकनं रांगेकडे पाहिलं.
"लिहा," म्हणाला.
आणि पासबुकात त्याची लेक
जमिनीशिवाय उभी राहिली.

पुढे जागा झाली. सगळ्यांना झाली.
अकरा हजार एकशे बहात्तरांना ओळीनं घरं मिळाली,
कोण कुठं राहतं ते गुणाकारानं निघतं:
믜 अठ्ठेचाळीस हजार ब्याण्णवव्या घरात,
미 अठ्ठेचाळीस हजार एकशे विसाव्या.
शून्यापासून मोजलं तर
हिचा स्वर एकोणिसावा, तिचा विसावा.
एकोणीस-वीसचा फरक आपण म्हणतो ना, तोच.
चालत गेलं तर मध्ये अठ्ठावीस घरं पडतात.

गी-दोक गेला त्या हिवाळ्यात
सोल-मी पतपेढीत गेली, पासबुक घेऊन.
खिडकीमागचा मुलगा तिच्या ओळखपत्राकडे बघे,
मग पासबुकाकडे.
"या बाई कोण?"
त्यानं अर्ज दिला: वरील दोन्ही नावे
एकाच व्यक्तीची आहेत, अशी साक्ष.
साक्षीदार दोन.
मा यन-सुक आता सत्तरीची,
पोहाच्या तलावावर सापडली, ओल्या केसांनी.
सही करताना म्हणाली,
"त्या दिवशी रांग फार होती गं."

तो अर्ज सोल-मीच्या मुलीनं, यु-दामनं,
आपल्या कॉम्प्युटरवर भरून पाठवला.
दुसऱ्या जातीचं यंत्र ते.
सोल-मीनं ऑफिसात फाइल उघडायला घेतली
तर फाइलच्या नावात तिचं नाव सुटं सुटं:

ㅅㅗㄹㅁㅢ

शेजारचा सहकारी म्हणाला, बिघडलंय, पुन्हा मागव.
ती म्हणाली, थांब.
कोळंबी सोलून ताटलीत मांडावी तसे
पाच तुकडे. तिनं मोजले.
शेवटच्यापाशी चष्मा जरा वर केला.

खाली रेघ होती.

दुपारी कुणी तरी काचेवर उमटलेला बोटाचा ठसा
पुसायला लागलं, तेव्हा म्हणाली,
राहू दे.