हिरवी किल्ली

सूरमध्ये, खाडीकाठच्या एका गोदामात
सतरा वर्षं बंद न केलेला संगणक आहे.
पाठीत हिरवी डोंगल, चिकटपट्टीनं बांधलेली,
अंगावर टॉवेल, आणि त्याच्यापुरता वेगळा एसी.
माणसं बाहेर घामात दोर मोजतात.

"ही निघाली की संपलं," सुकुमारन कुजबुजतो,
आत कुणी आजारी निजलंय जणू.
कुठल्या नाखव्याला किती काथ्या, किती सागाच्या फळ्या,
कुणाची उधारी, सगळं तिच्याच ताब्यात.
तिला घडवणारी कंपनी शारजात होती.
आता तिथे चष्म्याचं दुकान आहे. मी जाऊन आलो.

खमीसशेटना म्हणतो, खुल्या स्वरूपात काढून ठेवू.
साधी अक्षरं, साधे आकडे, मधे स्वल्पविराम.
मी नसलो, माझी कंपनी नसली, तरी कुणीही उघडेल.
आमच्या तालुक्याच्या कचेरीत मोडीचे रुमाल आहेत,
वाचणारे दोघंच उरलेत,
पण ती मुळाक्षरं कुणी कुलपात घातली नव्हती;
नेटानं बसलं तर चार महिन्यांत येतात.
ह्या फाइलीची मुळाक्षरं मालकाच्या खिशात होती,
आणि मालक खिशासकट गेला.

खमीसशेट कहवा ओततात. खजुरांची बशी सरकवतात.
"कुणीही उघडणार, मग तू काय खाणार?"

हाच प्रश्न माझ्या साहेबानं विचारला होता,
मस्कतहून निघताना, जरा वेगळ्या आवाजात.
उत्तर नव्हतं. दोन्ही वेळा.

मग ते मला मागच्या अंगणात नेतात.
पणजोबांची होडी, अर्धीच उरलेली,
खिळ्याविना, फळीला फळी काथ्यानं शिवलेली.
"हा टाका मलबारातल्या सुताराचा. हा झांजिबारचा.
हा माझ्या बापाचा, म्हणून वाकडा."
मी हात फिरवतो. खरंच वाकडा आहे.

आत येऊन ते एवढंच म्हणतात,
"सुकुमारन, टॉवेल काढ."

नऊ दिवस लागले. बरंचसं पडद्यावर बघून हातानं उतरवलं.
शेवटी एक ओळ अडली:
नाव अर्धं, पुढची अक्षरं नुसते चौकोन,
बाकी चाळीस रियाल.
पुसू का, मी विचारलं.
"तो मेला," खमीसशेट म्हणाले.
"पण राहू दे.
मुलगा कधीतरी विचारायला येईल."