शुद्ध तांबे, चालू स्थितीत

जाहिरातीतला बंब उन्हात ठेवला होता,
म्हणून इतका लाल दिसला.
'शुद्ध तांबे, चालू स्थितीत, आजोबांच्या वेळचा.'
तीन हजार आठशे.
वर रिक्षाचे दोनशे, देवळाली कॅम्प ते सिडको.
निफाडचा पारा पेपरात रोज खाली येत होता
आणि गीझरचं पाणी माझ्या पाठीला कधी पटलंच नाही.

फ्रिजवरचा चुंबक काढला,
नातीने आणलेला, प्लास्टिकचा द्राक्षघड.
बंबाच्या पोटाला लावला.
चिकटला.

हे मला शाळेने नाही, चिल्लरीने शिकवलं.
सव्वीस वर्षं एसटीत, खांद्याला पैशांची पिशवी,
पिशवीच्या बटणाला लोहचुंबक:
नवा रुपया त्याला धरून बसायचा,
जुना सुटून खाली पडायचा.
तांबं तर जवळही जात नाही.

तरी खात्री हवी म्हणून तांबट लेनला नेला.
मुरलीधरकाकांनी चष्मा लावलाच नाही,
बोटाच्या पेराने टकटक केलं, कान तिरका.
"तांबं मारल्यावर लगेच गप्प बसत नाही, बाई.
हे बसलं.
लोखंड आहे. वरून मुलामा.
काम मात्र सुरेख केलंय ज्याने केलं त्याने."

फोटो पाठवले. लटकलेल्या द्राक्षांचा व्हिडिओ पाठवला.
उत्तर लगेच आलं, फार लगेच:
'मावशी परत घेतो. हा कोड स्कॅन करा,
पिन टाका, पैसे जमा होतील.'

पिन द्यायला लागतो, घ्यायला नाही.
एवढंच लिहिलं.
खाली नाव: मथुरा गांगुर्डे, सेवानिवृत्त वाहक.
तिकडे बराच वेळ 'टाइप करत आहे'.
मग तेही थांबलं.
रात्री दहाला: 'सॉरी. मेव्हणा बघत होता हे सगळं. कुठे भेटू?'

जुनं सीबीएस, चौकशीच्या खिडकीसमोर,
अकरा वाजता, कॅमेऱ्याखाली.
सोबत शेजारची कल्पना.
तिच्या हातात काही नव्हतं, नुसती उंची होती.

पोरगाच होता. हेरंब दातीर. कोपरात हेल्मेट.
मोबाइल पुढे केला: हिरवी खूण, खाली रक्कम.
"गेले बघा."
"तुझ्याकडून गेले असतील. माझ्याकडे येऊ देत."
पास दाखवणारे किती पाहिलेत मी,
अंगठ्याखाली तारीख झाकणारे.

पेठ लागली. हरसूल लागली.
माझा एक हात बंबाच्या कडीवर,
दुसऱ्यात माझा फोन, माझ्या बँकेचं पान.
सात मिनिटं कोणीच बोललं नाही.
मग आकडा हलला.
कडी सोडली.

तो गुडघ्यावर बसला.
द्राक्षं ओढून काढली, पुन्हा लावली.
पुन्हा काढली.
"आजोबा दर दिवाळीला चिंचेने घासायचे,"
म्हणाला, माझ्याकडे न बघता,
"कोणाला हात लावू द्यायचे नाहीत."

त्यांना कोणी विकला असेल,
कुठल्या बाजारात, कुठल्या उन्हात,
आणि ते परत करायला
कोणत्या खिडकीसमोर उभे राहिले असते?
मेव्हणा खरा होता की नव्हता
तेही मी विचारलं नाही.

रिक्षाचे दोनशे राहिले होते.
त्याने खिसे चाचपले. शंभराची एक निघाली.
घेतली.
उरलेले का सोडले, कल्पनाने वाटेत विचारलं.
म्हटलं, सुटे नव्हते.

घरी आल्यावर कळलं,
द्राक्षं बंबावरच गेली, स्कूटरला बांधून,
देवळालीच्या रस्त्याने.
लाइटबिल आता फ्रिजला टेपने लावलंय.
पाणी गीझरचंच.