उन्हाचे भाडेकरू

दिवाळी सरली की दिग्रसच्या एसटीतून उतरायचे
किन्नौरचे नेगी नवराबायको,
दोघंही पेन्शनीत.
भाडं द्यायचे, वर मूठभर चिलगोजे.

या माळावर आहे काय?
मुरूम, बोरी, वेचून उरलेली पऱ्हाटी.
बाई म्हणायची, ऊन आहे ना.
खाटेवर पाय लांब करून
तुरीच्या शेंगा सोलत बसायची,
आमच्या कानांवरचे मफलर पाहून
पोट धरून हसायची.
पळसाला पहिलं फूल दिसलं
की गाठोडी बांधायचे.
किल्ली माझ्याजवळ.

औंदा म्हातारा एकटाच उतरला.
मी काही विचारलं नाही.
सकाळी दोन्ही खाटा त्यानं अंगणात काढल्या,
स्वतःच्या खाटेवर बसला.

निंबाची सावली दुसरीवर आली
की उठतो,
तिला हातभर सरकवतो
उन्हात.