एकतिसावी फ्रेम

पोस्टमन आता पत्रं आणत नाही, शर्वाणी,
तुझे रोल आणतो.
पाकिटावर लाल अक्षरांत ‘एक्स-रे नको’,
इंग्रजीत, डचमध्ये,
आणि खाली, कुणासाठी कोण जाणे, कानडीत.
मी सही करतो, पाकीट खिशात घालतो.
दुपारी शहापुरात लाइट जाते
तेव्हा अख्खं दुकानच डार्करूम होतं.

पाणी वीस अंशांवर आणायला
डबा माठात बुडवून ठेवावा लागतो.
घड्याळ दिसत नाही. शेजारच्या हातमागाचे ठोके मोजतो,
चाळीस ठोक्यांना टाकी एकदा उलटी.
असा तुझा हॉलंड माझ्या हातात हलत असतो.

आमचे आजोबा त्यांना वलंदेज म्हणायचे.
वेंगुर्ल्याला त्यांची वखार,
माल बैलांच्या पाठीवरून रामघाट चढून इथवर यायचा म्हणे.
आता तू त्यांच्या मुलखात भाड्यानं राहतेस
नि माझी याशिका गळ्यात घालून फिरतेस,
जिनं मी येळ्ळूर, कडोली, उचगावची
चौदाशे लग्नं उरकली.

निगेटिव्हात आधी सगळं उलटं.
आभाळ काळं,
पवनचक्की म्हणजे हाडकुळं पांढरं भूत.
ईराण्णा पट्टी खिडकीशी धरून म्हणतो,
‘अण्णा, मेंढरं काळी हैत की, आमच्या गावची.’
थांब म्हटलं, कागदावर गोरी होतील.

अकरावीत एक बंदर आहे, गवतात.
तू लिहिलंस, हे बेट होतं,
समुद्र उपसून टाकला, आता भोवती बटाटे.
नावा बांधायचे खांब तसेच उभे.
ती प्रिंट मी पाण्यात
गरजेपेक्षा जास्त वेळ ठेवली. उगाच.

एकतिसावी: बार्ले.
एक घर, एक दार,
आणि रस्त्यावरून थेट उंबऱ्यापर्यंत आलेली
पांढऱ्या फुल्यांची ओळ.
डावीकडे बेल्जियम, उजवीकडे हॉलंड.
भिंतीवर घराचे नंबर दोन,
पायपुसणं एक.

ईराण्णानं लाल दिव्याखाली ओला कागद चिमट्यात धरला.
‘भांडण हाय काय इथं?’
‘नाही म्हणे. कुंड्या ठेवल्यात.’
तो हसला नाही. मीही नाही.
आपल्या पाटीवर दोन लिप्या आहेत.
एका साली कुणीतरी डांबर फासलं,
रॉकेल नि ब्लेडनं मी ते खरवडत होतो,
तू शिडी धरली होतीस, चौथीत असशील.
विचारलंस, कुठलं अक्षर आधी काढायचं?
काय सांगितलं होतं मी?
तुला आठवत असेल तर कळव.

सकाळी प्रिंट सुकल्यावर दिसलं,
फुल्यांच्या शेजारून आणखी एक रेघ गेलीय,
धुरकट, पांढरी,
विसाव्या फ्रेमपासून प्रत्येक फोटोत.
ही काही त्यांच्या सरकारनं आखलेली नाही.
मागच्या झाकणाचा स्पंज झिजलाय,
फटीतून उजेड येतो.
दोन्ही रेघांवर तुझी सावली आडवी पडलीय.
पाय हॉलंडात,
डोकं आणि कॅमेरा बेल्जियमात.
सगळ्या रोलमध्ये तू तेवढीच आहेस.

माझ्याकडे तीन केसांचा ब्रश आहे, शाई आहे.
नवरदेवांचे देवीचे व्रण, उसवलेले पदर,
नकोसा झालेला एखादा व्याहीसुद्धा
या हातांनी बुजवलाय.
ईराण्णानं विचारलं, ‘रेघ भरू काय, अण्णा?’
‘यावदू?’ मी म्हटलं.
तो ब्रशचं टोक ओठांत धरून
बराच वेळ फोटोकडे बघत बसला,
मग उठून चहा सांगायला गेला.

सोबत काळं सूत पाठवतोय, खासबागच्या मागावरचं.
झाकणाच्या खाचेत टाचणीनं दाबून बसव.
दोन पदर पुरेत, तिसरा घातलास तर झाकण लागणार नाही.
एकतिसावीची एक प्रत जास्त काढलीय,
पुन्हा गेलीस तर त्या घरात दे,
कुठल्याही नंबरावर.
आणि बाहेर पडताना कान बांधत जा.
गवत बघ, सगळ्या फोटोंत
एकाच बाजूला झोपलंय.