नववी नळी

मालेगावच्या बंद पडलेल्या सोडा कारखान्यातून
टेम्पोत उताणं घालून आणलं हे मशीन
सातपूरच्या आमच्या पत्र्याच्या शेडात.
पितळी पाटीवरचं नाव कुणीतरी खरवडलेलं,
उरलंय नुसतं ‘आणि बंधू’.

मुनाफ मिस्त्रीनं तीन दिवस लावले उभं करायला.
चौथ्या दिवशी साखळीला ग्रीस, बटणाला हळद-कुंकू,
आणि हलली की पहिली ओळ :
बारा बाटल्या, माना खाली,
वर्गाबाहेर उभ्या केलेल्या पोरींसारख्या.
आधी कॉस्टिकचं कढत पाणी,
मग ब्रश, मग खळखळ,
मग पुन्हा एकदा खळखळ, गार.
खटाक्. सूंऽऽ. खटाक्.

त्याआधी हे सगळं आम्ही सहाजणी होतो.
घमेल्यापाशी उकिडव्या बसून
मूठभर वाळू बाटलीत टाकायची, पाणी, बोटानं तोंड बंद,
आणि हलवायचं.
घासते ती वाळूच. आपण नुसतं हलायचं.
कॉस्टिकनं बोटांवरच्या रेषा नेल्या.
रेशनच्या दुकानात अंगठ्याचं यंत्र मला ओळखेना.
पुन्हा लावा, मावशी.
पुन्हा.
दुसरं बोट बघू.
दुसरं.
मागे रांग. पिशवी रिकामी.
पोरगा म्हणाला, यंत्र म्हणतंय तुम्ही नाही.

मशीन आलं आणि सहातल्या दोन राहिलो.
कुंदा गांगुर्डे पिंपळगावला द्राक्षं भरायला गेली,
खोकी मोजते म्हणे, पंख्याखाली बसून.
झेलूबाई कुठे गेली
ते विचारायचं राहून गेलं.

माझं काम आता बघण्याचं.
ट्यूबलाइटसमोरून बाटली सरकते,
दोन मोजेपर्यंत ती माझी.
कुणी रॉकेल ठेवलेलं, ते धुतल्यावरही
कडेला इंद्रधनुष्य सोडतं.
कुणी मनीप्लँट लावलेला,
मुळाचा एक केस काचेला धरून राहतो, सुटत नाही.
भंगारवाल्याच्या गोणीत एकदा भरलेलीच आली,
बुचावर मेण, चिकटपट्टीवर बॉलपेनानं :
गंगा. उघडू नये.

सुपरवायझर म्हणाला, ओत.
घरातलं कुणी जायचं असेल, आणि गेलंच नसेल.
किंवा घाईत गेलं असेल, बाटली शोधेपर्यंत.
मी ओतलं. दुसरं काय करणार.
आमची मोरी नाल्यात जाते, नाला नासर्डीत,
(कागदावर ती नंदिनी झाली, तोंडात नासर्डीच)
आणि नासर्डी टाकळीला गंगेलाच मिळते.
मशीनला येणारं पाणीही गंगापूर धरणाचंच.
म्हणजे गंगेची बाटली गंगेनंच विसळली.
तळाशी थोडी वाळू होती, बारीक.
मला वाटलं, ही तरी हलवून घ्यावी.

आता नववीचं सांगते.
ओळीतली नववी नळी क्षारानं बुजलीय.
तिच्यावरची बाटली ब्रश खाऊन येते, पण विसळून येत नाही,
आत दुधासारखं धुकं.
दर ओळीची ती एक मी बाजूला काढते,
घमेल्यात हातानं धुते.
मालकांना वाटतं जुनं मशीन, चालायचंच,
धुणारी एक बाई ठेवावी लागते.

नळी मोकळी करायला सायकलची एक आरी पुरे.
मुनाफ मिस्त्रीनं जाताना दिली होती,
कुणाला सांगितलं नाही, मलाच दिली,
आणि म्हणाला, लागली तर वापर.
डब्याच्या पिशवीत आहे, पोळीच्या फडक्यात गुंडाळून.
दीड वर्ष झालं.

उजव्या अंगठ्यावर रेषा परत आल्यात.
यंत्र पहिल्या दमात हिरवं होतं, नाव दाखवतं,
खैरनार सुलोचना दामू, पाच किलो गहू.
नववी मी डाव्या हातानं धुते.