तीन एमएम

देवगड बंदरावर एकतीस वर्षं
मी बोटींची इंजिनं खोलतो.
स्क्रूड्रायव्हरचं टोक हेडवर, मूठ कानाला:
कुठला सिलिंडर खोकतोय
डोळे मिटून सांगतो.

त्या सकाळी 'भाग्यवंती'चा पंप उतरवताना
कुणीतरी छातीवर नांगर ठेवला.
अलगद. घाई नसल्यासारखा.
हात दाढेपर्यंत भरून आला.
तांडेल म्हणाला, "गॅस आसतलो, वायच सोडा पी."
प्यालो. ढेकर आला.
त्या ढेकराच्या भरवशावर
दीड तास घालवला.

मग पट्टीवरच्या वाकड्या रेघा,
गुठळी विरघळवायचं इंजेक्शन,
फोंडाघाटाची वळणं उताणं झोपून मोजणं,
आणि कोल्हापुरात मनगटातून आत गेलेली तार.
पडद्यावर माझ्याच काळजाच्या नळ्या,
एक अर्ध्यावर तुटलेली, गाळ भरलेल्या ओहोळासारखी.
मी विचारलं, "कितीचा पाइप?"
आवटीबाई मास्कमागे हसल्या. "तीन एमएम."

तीन!
तीनचा पाइप मी रिटर्नला लावतो
आणि दर हंगामाला बदलतो.
ह्यात मी छप्पन्न वर्षं काय काय ओतलं:
बिड्या, खारवलेला बांगडा,
रात्री साडेअकराचं जेवण, त्याआधीचं ते.
जाळीचा स्प्रिंगसारखा तुकडा आत बसवला त्यांनी,
रक्त पुन्हा सुटलं. मला ऐकू आलं नाही.

"घरात कुणाला होतं?"
आबा. बावन्नावं वर्ष.
रापण ओढता ओढता वाळूवर बसले.
"तेही हेच असणार," बाई म्हणाल्या
आणि गोळ्या लिहू लागल्या.

त्या साली नारळी पौर्णिमेला
दर्याला नारळ द्यायचं काम गुंडूकडे होतं.
बारा वर्षांचा. खेळत राहिला, विसरला.
दर्या कोपला, सगळेच म्हणाले. मीही.
छत्तीस वर्षं तो नारळ
आम्ही त्याच्या माथ्यावर फोडत आलो.

घरी आता आमटीत मीठ चिमटीनं पडतं.
काल जेवण तसंच ठेवून
विजयदुर्गला फोन लावला.
"गुंडू, रक्त तपासून घी. चरबीचा. आबांका ताच होता."
तो बोलला नाही.
मागं त्याची बोट चालू होती.
बराच वेळ मी ऐकत राहिलो.

"दोन नंबरचो मिस मारता," म्हटलं.
"म्हायत आसा," तो म्हणाला.
"कधी येतलस?"